अल्विनाचे चाळीस सेकंद

काहींना गाडी लागते, तसं अल्विना ट्रॉस्परला विमान लागायचं. चाकं जमिनीवरून उचलली की साधारण अकराव्या मिनिटाला. हरवलेल्यांना विमानातून शोधणाऱ्या आमच्या हौशी स्क्वाड्रनमध्ये तिने एकवीस वर्षं काढली, तीनशेच्या वर उड्डाणं केली, आणि त्यातलं एकही कोरडं गेलं नाही. तरीही मोंटानाच्या आमच्या कोपऱ्यात कोणी हरवलं की मागच्या उजव्या खिडकीत तीच बसायची, कारण तिच्यासारखे डोळे दुसऱ्या कोणाकडे नव्हते.

मी तिच्या बरोबर पुढच्या सीटवर बसायचो. त्यामुळे या विषयावर मी अधिकाराने बोलू शकतो.

कॉर्लिस गावची ही स्क्वाड्रन १९४२ सालची. युद्ध चालू होतं, आणि ज्यांच्याकडे स्वतःची विमानं होती अशा नऊ शेतकऱ्यांनी आणि एका दातांच्या डॉक्टरने मिळून ती काढली. देशाच्या किनाऱ्यांवर असेच हौशी लोक तेव्हा पाणबुड्या शोधत होते. आमच्यापासून समुद्र पाचशे मैलांवर. मग आमच्या मंडळींनी धरणावर पहारा ठेवला. युद्धभर धरणाला काहीही झालं नाही, आणि याचं श्रेय स्क्वाड्रनच्या दप्तरात स्पष्ट शब्दांत घेतलेलं आहे. पुढे एका हिवाळ्यात बर्फात अडकलेल्या गुरांना त्यांनी विमानातून गवताचे भारे टाकले. सातशे गुरं जगली. एक भारा लुथरन चर्चच्या मागच्या संडासाच्या छपरातून आत गेला. पाद्री आत नव्हते, पण नुकतेच बाहेर पडले होते. हेही दप्तरात आहे.

मी आलो तेव्हा ती पिढी संपत आली होती. मी शाळेत भूमिती शिकवायचो. मला कोणी विचारलं, 'गॉर्डी, नकाशा वाचता येतो का?' मी हो म्हणालो, आणि मंगळवारच्या सभेत जाऊन बसलो. आमचं मुख्यालय म्हणजे जत्रेच्या मैदानावरचं, कोंबड्यांच्या प्रदर्शनाचं गोदाम. ऑगस्टमध्ये चार दिवस कोंबड्या असायच्या, बाकी वर्षभर आम्ही. वास दोघांचा मिळून होता.

विमान एकच, चार सीटचं, पंख वर असलेलं. ते डेल ह्रुस्का चालवायचा. एरवी तो गव्हाच्या शेतांवर औषध फवारायचा, जमिनीपासून दहा फुटांवरून, त्यामुळे उंचावर गेला की त्याला झोप यायची. मागे डाव्या खिडकीत वॉल्टर येलिग. तो गावचा अंत्यविधीवाला. शोधाला निघताना तो विमानात चढताना दिसला की हरवलेल्याचे नातेवाईक जरा गप्प व्हायचे, म्हणून आम्ही त्याला आधीच आत बसवून ठेवायचो. आणि या सगळ्यांवर कमांडर म्हणून मिल्ट ओबर्ग, औषधांच्या दुकानाचा मालक. मिल्टचं फॉर्मांवर प्रेम होतं. तो प्रत्येक फॉर्म तीन प्रतींत भरायचा, आणि तिसरी प्रत कुणाला पाठवायची असते ते कोणालाच माहीत नसल्यामुळे ती कोंबड्यांच्या रिकाम्या पिंजऱ्यांत ठेवायचा.

अल्विना आमच्यात आली ती चिली घेऊन. ती शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य होती. वय चव्वेचाळीस, नवरा, नाव रस, काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायचा नांगर चालवायचा, दोन मुली लग्न होऊन गेलेल्या. १९७४च्या नोव्हेंबरात एक म्हातारा रँचवाला दोन दिवस बेपत्ता होता आणि आम्ही सकाळपासून उडत होतो, म्हणून तिने मोठं पातेलं भरून राजम्याची चिली, म्हणजे घट्ट तिखट रस्सा, आणि दालचिनीचे रोल आणले. आमच्याकडे हे दोन्ही एकत्रच खातात. त्या दुपारी वॉल्टर नव्हता.

"वॉल्टरकडे आज अंत्यविधी आहे," मिल्ट म्हणाला, कोणा एकाला उद्देशून नाही. "मागची सीट रिकामी. सीट रिकामी ठेवून जाता येत नाही, तसा नियम आहे."

अल्विना वाढत होती. "काय करावं लागतं?"

"खिडकीतून खाली बघायचं. जे तिथलं नाही ते दिसलं की सांगायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

"मी रोज दोनशे पोरांसाठी राजमा निवडते," ती म्हणाली, आणि एप्रन काढला.

मिल्टने तिला आपली टोपी दिली, कारण गणवेशाशिवाय जायचं नाही असाही एक नियम होता. अकराव्या मिनिटाला ती त्या टोपीत ओकली. डेलने मागे वळून पाहिलं आणि विमान परत वळवायला घेतलं.

"कुठे चाललास?" ती म्हणाली.

"परत. तुला बरं नाही."

"मला उत्तम आहे. तिकडे त्या गवताच्या गंजीमागे एक पिकअप आहे. गंज तिथलीच आहे. पिकअप तिथली नाही."

मला गंजही नीट दिसत नव्हती. पण आम्ही खाली गेलो, आणि पिकअप खरंच होती, आणि तिच्या चाकाखाली दंड अडकलेला म्हातारा होता. जिवंत, आणि फार चिडलेला. संध्याकाळी मिल्टने अल्विनाला विचारलं, "पुन्हा येशील का?"

"टोपी धुऊन देते," ती म्हणाली. ते होच होतं.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही तिच्या पोटावर उपाय केले. मिल्टने दुकानातल्या गोळ्या दिल्या. त्यांनी तिला झोप यायची, आणि डेलला आधीच येत असल्यामुळे विमानात दोघं झोपलेली परवडली नसती. माझ्या बायकोने आल्याची बिस्किटं करून दिली. ती तिला आवडली, पोटात जाताना आणि बाहेर येताना सारखीच, असं ती म्हणायची. डेलने सांगितलं, "खाली बघू नकोस, क्षितिजाकडे बघ, मग नाही होत."

"क्षितिजावर कोणी हरवत नाही, डेल," ती म्हणाली.

शेवटी उपाय केला तो वॉल्टरने. त्याच्या दुकानात जाड, आतून मेण लावलेल्या कागदी पिशव्या असायच्या. मृताचं घड्याळ, चष्मा वगैरे घरच्यांना परत द्यायला. त्यातल्या शंभर त्याने विमानात आणून ठेवल्या. प्रत्येकीवर छापलेलं होतं: 'येलिग आणि मंडळी. शेवटपर्यंत तुमच्यासोबत.'

उड्डाणानंतरच्या फॉर्मवर एक ओळ होती: कोणा सदस्याला प्रकृतीचा त्रास झाला काय? मिल्ट तिथे दर वेळी 'नाही' लिहायचा, तीन प्रतींत. खरं लिहिलं असतं तर सगळ्या स्क्वाड्रनांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या कार्यालयाने तिचं उडणं बंद करून तिला खाली बसवलं असतं. याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. तो 'ना' काढायला लागला की कोणीतरी कॉफी ओतायला उठायचं, इतकंच.

आणि रोज काही कोणी हरवत नाही. विमानांत एक डबी असते, आपटली की आपोआप संकटाचा सिग्नल सोडते. दहातले नऊ सिग्नल खोटे असतात: कोणी जोरात उतरलं, कोणी डबी ट्रकमध्ये टाकून खड्ड्यांतून गेलं. एकदा आम्ही हातात अँटेना धरून सहा तास एका सिग्नलच्या मागे फिरलो, तर तो मिल्टच्याच गॅरेजमधून येत होता. जुन्या विमानाची डबी त्याने शेल्फवर ठेवली होती आणि मांजराने पाडली होती. मिल्टने त्याचाही फॉर्म भरला. 'कारण' या रकान्यात मांजराचं नाव लिहिलं. या सहा तासांत अल्विनाने आम्हाला दोनदा जेवायला घातलं आणि वॉल्टरने आयुष्यात एकदाच विनोद सांगितला. तो इथे सांगण्यासारखा नाही.

मग १९८३चा ऑक्टोबर. एमेट सेल्स नावाचा बियाणं विकणारा माणूस शनिवारी आयडाहोहून निघाला तो पोचलाच नाही. विमान त्याचं स्वतःचं, छोटं. सोबत त्याची सासू, मिसेस प्रुइट, वय एकाहत्तर. बहिणीकडे महिनाभर राहून परत येत होत्या. सिग्नल कुठेच नव्हता. डबीची बॅटरी संपून दोन वर्षं झाली होती, हे नंतर कळलं.

एमेटची बायको गोदामात येऊन बसली. बाई धीराची. तिने एकदाच विचारलं, "दोघं एकमेकांशी बोलत तरी असतील ना?" आम्हाला वाटलं ती काळजीने विचारते आहे. "कारण एरवी बोलत नाहीत," ती म्हणाली.

नकाशावर डोंगराचे चौकोन पाडलेले असतात. एकेक चौकोन पट्ट्यापट्ट्याने उडून बघायचा, संपला की मी त्यावर बरोबरची खूण करायची. रविवार, सोमवार, मंगळवार आम्ही तेच केलं. आणखी दोन गावांच्या स्क्वाड्रनही आल्या होत्या. बुधवारी दुपारी राज्याच्या कार्यालयाचा फोन आला. सगळे चौकोन झाले, शुक्रवारपासून मोठा बर्फ आहे, शोध थांबवा. तिथला मेजर मिल्टशी चांगल्या शब्दांत बोलला. मिल्ट फोन ठेवून नकाशाची घडी घालायला लागला. एमेटची बायको घरी गेली होती, तिला सांगायला कोणी जायचं हे ठरायचं होतं, आणि सगळे वॉल्टरकडे बघत होते.

अल्विना कप विसळत होती. पाणी बंद करून ती म्हणाली, "मिल्ट, तो चौदा नंबर परत उघड."

"चौदा झालाय. सोमवारी."

"सोमवारी मला केटल क्रीक ओढ्याच्या घळीत एक जळका पाइन दिसला. त्यानंतर बीव्हरांनी ओढा अडवून केलेलं तळं दिसलं. मधे काय आहे?"

"झाडं," डेल म्हणाला.

"असतील. मी पाहिली नाहीत."

मिल्टने नकाशाची घडी घालायचं थांबवलं.

"माझं तोंड पिशवीत होतं," ती म्हणाली. "तीन दिवस मी आठवून बघते आहे. आधी वाटलं, दिसलं असेल आणि विसरले असेन. मी विसरत नाही. मी पाहिलंच नाही. चाळीस सेकंद असतील."

चाळीस सेकंद म्हणजे आमच्या वेगाला एक मैल.

मिल्टने चष्मा काढला. "चौदावर खूण कोणी केली?"

"मी," मी म्हणालो. आणि सांगायलाच हवं म्हणून सांगतो: पिशवीचा आवाज मला ऐकू आला होता. मी नऊ वर्षं तो आवाज ऐकत होतो आणि नऊ वर्षं खुणा करत होतो. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायची मला इतकी सवय झाली होती, की आवाज आला तेव्हा मी अदबीने नकाशात डोकं घातलं होतं.

"मीही ऐकला," डेल म्हणाला.

"मला वास आला," वॉल्टर म्हणाला.

मिल्टने कोरा फॉर्म ओढला. "मी लिहितो, घळीत ढग होते."

"सोमवारी ढग नव्हते. सगळ्या मोंटानाने पाहिलंय."

"मग उपकरणात बिघाड."

"मी उपकरण नाही, मिल्ट."

"अगं, हे लिहिलं तर तुला पुन्हा बसू देतील का? जरा विचार कर."

"मी केलाय. तू लिही."

मिल्टने लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'निरीक्षक ओकत होती. अंदाजे चाळीस सेकंद. उजवी बाजू पाहिलेली नाही.' मग त्याने राज्याच्या कार्यालयाला फोन लावला आणि ते जसंच्या तसं वाचून दाखवलं. पलीकडचं आम्हाला ऐकू येत नव्हतं, मिल्टचं येत होतं.

"हो सर. पोटाचं... नाही सर, पहिल्यांदा नाही... नऊ वर्षं... फॉर्मवर मी 'नाही' लिहीत होतो, सर... हो, खोटं." तो पलीकडचं ऐकून घेत राहिला. कान लाल झाले होते. मग म्हणाला, "थँक यू, सर," आणि फोन ठेवला.

"उद्या सकाळी दोन तास दिलेत. अल्विनाचं काय ते नंतर बघू म्हणाले."

"उद्या तिच्या जागी कोण?" वॉल्टरने विचारलं.

"ते मी विचारलं नाही," मिल्ट म्हणाला.

गुरुवारी सकाळी डेलने डोंगराकडे विमान वळवलंच नाही. तो गावावरच घिरट्या घालत बसला. शाळा, धान्याच्या कोठारांचे मनोरे, पुन्हा शाळा. मी घड्याळाकडे बघितलं. अकराव्या मिनिटाला मागे पिशवी वाजली.

"झालं," अल्विना म्हणाली. "आता चल."

केटल क्रीकच्या तोंडाशी वारा उतरत होता. डेल एरवी कधी सीटचा पट्टा घट्ट करायचा नाही, त्या दिवशी केला. घळ इतकी अरुंद की पंखाच्या टोकाशी झाडं. जळका पाइन माझ्याही ओळखीचा निघाला. तो मागे गेला आणि विमान दगडासारखं खाली आलं, मग वर फेकलं गेलं, मग पुन्हा खाली. मी नकाशा गुडघ्यांवर दाबून धरला. मागून आवाज आला, पण पिशवीचा नाही. मी वळून पाहिलं. तिने पिशवी उचललीच नव्हती. दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरली होती, नाक काचेला लागलेलं, पापणी हलत नव्हती. बाकी जे व्हायचं ते कोटावर होत होतं, आणि थोडं माझ्या कॉलरवर.

"रजई," ती म्हणाली.

"काय?"

"रजई आहे झाडावर. लाल चौकोनांची. कोणीतरी नीट टाचून लावली आहे. डेल, वळ."

"इथे वळता येत नाही."

"मग पुढे जाऊन वळ, पण वळ."

डेल तळ्यापर्यंत गेला, वर चढला, आणि परत आला. या वेळी रजईखालून कोणीतरी बाहेर आलं. जाडजूड बाई, कोटावर कोट घातलेले, एक हात गळ्यात बांधलेला. दुसरा हात तिने उचलला. पण तो हलवला नाही. नुसता कमरेवर ठेवला आणि आमच्याकडे बघत उभी राहिली.

वॉल्टर आपली खिडकी सोडून अल्विनाच्या खिडकीकडे वाकून बघत होता. तो रडत होता. अंत्यविधीवाल्याला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "दोन असायला हवेत," तो म्हणत होता, "दोन असायला हवेत." मग झाडांत पडलेल्या त्यांच्या विमानाच्या मोडक्या दारातून एक पाय दिसला, फांद्यांनी बांधलेला, आणि तो पाय हलला.

दुपारी हेलिकॉप्टरने दोघांना आणलं. एमेटची मांडी मोडली होती, सासूबाईंचं मनगट. बहिणीने दिलेल्या तीन रजया होत्या, आणि हकलबेरीच्या जॅमच्या अकरा बरण्या. पाच दिवस त्यांनी तेवढंच खाल्लं होतं. एमेटने पुढे आयुष्यात जॅमला हात लावला नाही.

शुक्रवारी बर्फ पडला, सांगितला होता तेवढा. शनिवारी अल्विना हॉस्पिटलमध्ये गेली. तिने मला बरोबर नेलं, गाडी चालवायला असं म्हणाली, पण गाडी तीच चालवत होती.

मिसेस प्रुइट उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांनी आमचे गणवेश पाहिले. "तुम्ही लोक सोमवारीसुद्धा आला होतात," त्या म्हणाल्या. "बाराच्या आत. माझ्या डोक्यावरून गेलात. मी रजई हातात धरून हलवली. खिडकीत एक बाई होती. मला तिचे केस दिसले. तिने बघितलं नाही."

"ती मी," अल्विना म्हणाली.

"का नाही बघितलंस?"

"मी ओकत होते."

मिसेस प्रुइटनी यावर विचार केला. "किती वेळ?"

"चाळीस सेकंद."

"मी तुला तीन दिवस शिव्या दिल्या."

"बरोबर केलंत."

"एमेटलाही दिल्या."

"त्यांना कशाबद्दल?"

"विमान तो चालवत होता." मग त्यांनी खुर्चीकडे मान केली. "बस की. उभी काय राहिलीस. तुझं पोट आता बरं आहे का?"

अल्विना बसली. मी कॉरिडॉरमध्ये जाऊन थांबलो. पाऊण तासाने ती बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते, आणि हातात जॅमची एक बरणी होती. अकरावी. ती न उघडता उरली होती.

पुढच्या आठवड्यात राज्याच्या कार्यालयाचं पत्र आलं. आधी अभिनंदन, मग डॉक्टरांचं प्रमाणपत्र मागितलं होतं. गावच्या डॉक्टरने एका ओळीत लिहून दिलं: 'बाईंना विमान लागते, डोळे गरुडासारखे आहेत.' गरुडाचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या पत्राने तिला खाली बसवलं.

तिने तक्रार केली नाही. मंगळवारी आली, रोल ठेवले, आणि रेडिओसमोर जाऊन बसली. आम्ही तिच्याकडे न बघता खाल्ले. मग ती घरी गेल्यावर वॉल्टरने खिशातून कागद काढून मिल्टच्या पुढ्यात ठेवला.

'मला उंचीची भीती वाटते,' त्यात होतं. 'विमान वळताना मी डोळे मिटतो. कळावे, कॅप्टन वॉल्टर येलिग.'

मिल्टने तो दोनदा वाचला. "हे काय आहे?"

"राज्याला पाठव. तीन प्रतींत."

मी पेन मागितलं. लिहिलं, की लाल आणि हिरवा मला सारखेच दिसतात, हिरव्या झाडीतली लाल रजई मला मेलो तरी दिसली नसती, आणि बारा वर्षांत हे मला कोणी विचारलं नाही. मिल्टने आपलं लिहिलं: 'मी नऊ वर्षं खोटे फॉर्म भरले, आणि संधी मिळाली तर पुन्हा भरीन.' डेलही लिहायला बसला. त्याच्या डाव्या कानाचं होतं. मिल्टने त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

"तुझं पोट उडण्यावर आहे, गाढवा."

"मग मी काय करू?"

"तू टाइप कर."

डेलने दोन बोटांनी आमची सगळी पत्रं टाइप केली. स्पेलिंगच्या चुका त्याच्या आहेत.

मेजरचा फोन आठवड्याने आला. या वेळी तो मोठ्याने बोलत होता, त्यामुळे ऐकू आलं. "कमांडर ओबर्ग, या कागदांप्रमाणे कॉर्लिसमध्ये स्क्वाड्रनच उरत नाही."

"नाही सर," मिल्ट म्हणाला. "फक्त आम्ही आहोत."

डिसेंबरात मेजर स्वतः पाहणीला आला. उंच, शिडशिडीत, जपून बोलणारा माणूस. चिली त्याने दोनदा घेतली. मग त्याला केटल क्रीक बघायचं होतं. डेलने नेलं. त्या दिवशी वारा होता. डेल म्हणाला की त्याने काहीही मुद्दाम केलं नाही, आणि डेल फार बोलत नसल्यामुळे आम्ही तेवढ्यावर सोडलं. खाली उतरल्यावर मेजर पंखाला धरून बराच वेळ उभा राहिला. अल्विनाने जाऊन त्याला पिशवी दिली. त्याने तिच्यावर छापलेलं वाचलं, आणि मग ती वापरली.

जानेवारीत पत्र आलं. अल्विनाला परत बसता येईल, एका अटीवर, आणि ती अट विमानातल्या प्रत्येकाला लागू. नजर खिडकीतून निघाली, कुठल्याही कारणाने, शिंक असो, खाज असो, काही असो, तर मोठ्याने 'बंद' म्हणायचं. परत लागली की 'चालू'. मधला तुकडा वैमानिकाने पुन्हा उडायचा, आणि नकाशावर खूण करणाऱ्याने तोपर्यंत पेन्सिल खाली ठेवायची. मला ही अट ऐकून हलकं वाटलं. ते मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही.

पहिल्याच उड्डाणात कळलं, की सगळ्यांत जास्त वेळा 'बंद' वॉल्टर म्हणतो.

मिसेस प्रुइट चाळीस मैलांवर राहायच्या. अल्विना दर दुसऱ्या सोमवारी त्यांच्याकडे जायची, त्या गेल्या तोपर्यंत, म्हणजे आठ वर्षं. काय करायच्या दोघी, मी एकदा विचारलं. "त्या एमेटबद्दल बोलतात, मी ऐकते," ती म्हणाली.

पंच्याण्णव साली तिने स्वतःहून थांबवलं. नवी मुलगी आली होती, एका रँचवरची, चांगल्या डोळ्यांची, आणि जी काही न होता उडू शकायची. अल्विनाला हे जरा संशयास्पद वाटायचं. मिल्ट आणि वॉल्टर आता नाहीत. डेल आहे, त्याला आता दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. आमची स्क्वाड्रन पुढे मोठ्या शहराच्या स्क्वाड्रनमध्ये मिळवली गेली, आणि गोदाम पूर्ण वेळ कोंबड्यांना मिळालं.

गेल्या वसंतात राज्याच्या कार्यालयातून एक तरुण बाई टेप रेकॉर्डर घेऊन जुन्या स्क्वाड्रनांचा इतिहास गोळा करत आली. मी तिला अल्विनाकडे घेऊन गेलो. अल्विनाने आधी तिला जेवायला घातलं. मग तिने सोमवारचं सगळं सांगितलं, जळका पाइन, पिशवी, तळं, सगळं, कुठेही न अडखळता. आणि थांबली.

"पण तुम्हीच त्यांना शोधलंत ना?" त्या बाईने विचारलं. "गुरुवारी?"

"ते गॉर्डी सांगेल," अल्विना म्हणाली, आणि ताटं उचलायला उठली.

म्हणून मी सांगितलं.